टीप क्रमांक बारा

ऑनलाइन विश्वकोशात 'कालव' या नोंदीत
तिसऱ्या परिच्छेदाच्या शेवटी लिहिलंय :
कोळंबच्या खाडीतलं कालव अठरा वर्षं जगतं.
वाक्याच्या खांद्यावर बसलेला इवलासा निळा बारा.
बोट लावलं की खाली नेतो.

मी मालवणच्या कॉलेजात, प्रयोगशाळेत.
बरण्या पुसते, फॉर्मॅलिन बदलते, लेबलं चिकटवते.
लेबल चुकलं तर माशाचं काही बिघडत नाही,
तो मेलेलाच असतो. पण पोरं वहीत उतरवून घेतात.
म्हणून ही खोड,
कुठून आलं ते बघायची.

बारा म्हणजे दोन हजार अकरा सालचा एक लेख.
सारांश फुकट, आतलं वाचायला साडेतीन हजार.
पणजीच्या ग्रंथालयातल्या उर्सुलाने
जेवणाच्या सुट्टीत फोटो काढून पाठवले, एक तिरका.
पान चार : अठरा वर्षे (नाबर, १९८७).
म्हणजे यांनी कालव उघडलं नव्हतं,
नाबर उघडला होता.
तोसुद्धा उघडला की नाही, कोण जाणे.

नाबरांचा प्रबंध विद्यापीठाच्या तळघरात.
वाळवीने आभाराचं पान खाल्लेलं,
मार्गदर्शकांचं नाव तेवढं टाकलेलं.
पान एकसष्ट. टाइपरायटरची शाई उडत चाललेली.
खिडकीशी नेऊन कागद तिरपा धरला
तेव्हा एक आणि आठ यांच्या मधे दिसली
एक बारीक आडवी दांडी.

एक ते आठ.

चोवीस वर्षांत ती कुणाच्या तरी डोळ्यांतून निसटली
आणि खाडीतल्या कालवांना
दहा वर्षं फुकट मिळाली.

खाली, अगदी कडेला :
स्थानिक माहिती, शेवंती गिरकर.

शेवंतीबाय आहे अजून. सुकती लागली की
गुडघाभर चिखलात, खडकाशी वाकून,
कोयतीने टक् टक्.
मी विचारलं. ती हसली नाही, थांबलीही नाही.
"नाबर? तो चष्म्याचो? भिजान चिंब झाल्लो.
तेका आकडो होयो होतो. घेतल्याबिगर हलना नाय.
पाणी भरतीक लागला, माजी टोपली अर्दी.
मी सांगलंय, एक वर्साचा असता, आठ वर्साचाय असात.
जगता किती ता माका काय म्हायती?
आमी जगाक देतंव खंय?"

रात्री अठरा खोडलं. तिथे लिहिलं : संदर्भ हवा.
शेवंतीबायचं म्हणणं घालता येईना.
नियम आहे, स्वतः जाऊन विचारलेलं चालत नाही,
कुणीतरी छापलेलं लागतं.
चिखल अजून नखांत होता माझ्या.

चार दिवसांनी अठरा परत. शेजारी नवा तेरा :
एका दैनिकाची रविवार पुरवणी, 'खाडीतले आजोबा',
सोबत कालवाचं चित्र, तेही तिसऱ्याच जातीचं.
वार्ताहराला फोन लावला.
"अहो मॅडम, विश्वकोशातच दिलंय की."
आवाजात इतका विश्वास की क्षणभर
मलाच वाटलं, आपण दांडी नीट पाहिली ना?
कागदावरची सुरकुती नव्हती ना ती?
पुन्हा तळघरात जायला रजा मिळाली नाही.

निघताना शेवंतीबायने एक कालव दिलं होतं, आख्खं.
मांस तिनेच काढून घेतलं, शिंपला माझा.
भिंगाखाली धरला. थरावर थर.
सात मोजले. परत मोजले, नऊ.
एक तर अर्ध्यातच संपत होता,
तो धरायचा की सोडायचा?

मग लेबल लिहायला घेतलं.
ठिकाण : कोळंब.
गोळा करणार : शे. गिरकर.
वय :

इथे एक दांडी काढली.
शाईने दोनदा गिरवली,
जाड.