एकास पन्नास

ट्वेडल यांच्या पुढच्या खोलीत सोफा नाही.
होता, तो जॅनिस लग्नानंतर घेऊन गेली,
त्या जागी काचेचं कपाट आलं,
मग दुसरं, मग तिसऱ्याने खिडकी अर्धी झाकली.
आता उजेड येतो तो
सदतीस क्रेनच्या जाळीदार हातांमधून गाळून.

मी समोर राहते. पॅलियन, संडरलँड.
डोळ्यांच्या दवाखान्यात नर्स,
म्हणून त्यांनी पहिल्यांदा दार वाजवलं तेव्हा वाटलं
थेंब घालून हवे असतील.
त्यांनी खिशातून दोरा काढला.
काळा, मेण लावलेला, केसाहून जरासा जाड.
म्हणाले, पोरी, कंपनीवाले सुतळी घालून पाठवतात,
या मापाला ती मनगटाएवढी दिसते.
वायर वायरीसारखी दिसायला हवी.
आणि मला आता कप्पीचं भोक सापडत नाही.

तर दर गुरुवारी, ड्यूटी संपली की,
मी भिंग लावून बसते.
बूमच्या टोकाला चार कप्प्या, हुकाच्या ठोकळ्यात चार,
वरून खाली, खालून वर, आठ पदर.
एक फेरी चुकली की हूक तिरका लटकतो
आणि ट्वेडल यांना तो न बघता कळतो.
बोटाने हलकेच ढकलतात,
डोलणं थांबेपर्यंत गप्प.
परत ओव.
परत ओवते.

चहा गार होतो. ते सांगत असतात:
हिने हार्टलपूलला चिमणी उतरवली, तुकड्यातुकड्याने, नऊ दिवस.
ही आळशी. थंडीत तेल घट्ट व्हायचं हिचं,
पहाटे चारला उठून तापवावी लागायची.
ही जर्मन. कधी चालवली नाही, नुसती देखणी म्हणून आणली.
दोनशे दहा पौंड.
एडनाला ऐंशी सांगितले होते.
एडनाला शेवटपर्यंत ऐंशीच.

एकदा विचारलं, जन्मभर हेच केलंत,
घरात पुन्हा हेच कशाला?
त्यांनी चारही पाय बाहेर ओढले,
प्रत्येकाखाली नखाएवढी फळी सरकवली,
घाई नाही, जसं काही खाली खरी, ओली माती आहे.
मग म्हणाले, केबिनमधून क्रेन दिसत नाही.
हूक दिसतो. खालचा माणूस दिसतो, त्याचा हात.
एकेचाळीस वर्षं मी तिच्या कुशीत बसलो,
ती उभी कशी राहते ते बघितलंच नाही.

मी सांगितलं, आमच्याकडे हिला एक शब्द आहे,
कोशात पडून असतो, फारसं कुणी वापरत नाही:
यारी.
आणि दोस्तीलाही यारीच म्हणतात.
यारी, म्हणाले ते. र जिभेवरून घसरला.
मला वाटलं, आता काहीतरी बोलतील.
ते गुडघ्यांवर बसून गालिचा चाचपत होते,
मागचं वजन घरंगळलं होतं कुठेतरी,
ते नसलं तर ती पुढे तोंडावर पडते.

मार्चमध्ये त्यांचा मोतीबिंदू काढला.
पट्टी निघाली त्या संध्याकाळी
त्यांना धूळ दिसली. उडालेला रंग दिसला.
माझे कानामागचे पांढरे केस दिसले,
तेही बोलून दाखवले.
मग दुसऱ्या कपाटात, वरून तिसऱ्या फळीवर,
पाचवा पदर सहाव्यावरून गेलेला.
दीड वर्षापूर्वीचा माझा हात.
मी चिमटा उचलला.
राहू दे, म्हणाले.
काच लावली, बाहीने पुसली.

पेपरातले घोड्यांचे निकाल
ते आता चष्म्याशिवाय वाचतात, मी पाहिलंय.
कप्पीचं भोक म्हणजे त्यांच्यापुढे बोगदा.
तरी काल दार वाजलं.
बगलेत पार्सलचं खोकं, अडतिसावी,
आणि खिशात हात,
दोरा शोधत असल्यासारखा.