प्रॉम्प्टर

दोनशे चौदा कॅसेटी.
रामबागेतल्या आमच्या नाट्यमंडळाच्या,
सत्तरपासून ब्याण्णवपर्यंतच्या तालमी.
प्रयोग नव्हेत, तालमी.
जेल रोडवर एका पोराकडून त्यांच्या फाइली करून घेतल्या
आणि ठेवल्या क्लाउडच्या सर्वांत थंड कप्प्यात,
जिथं ठेवायला जवळजवळ फुकट
आणि काढायला महाग.
कमिटीनं मान डोलावली होती.

बिल मार्चात आलं. एकवीस हजार सहाशे.
कुणीतरी एका रात्रीत
सगळंच्या सगळं मागवलं होतं.
लॉगमध्ये वेळ : एक वाजून बारा मिनिटं.
लॉगमध्ये नाव : अलकनंदा खांबेटे.
खजिनदार रणदिवेकाका म्हणाले, दार लावून टाक.
म्हटलं, दार नको, उंबरा उंच करू.

तर ही विनंती लिहितोय.
एक पत्ता, एक किल्ली,
महिरपी कंसात दोनच ओळी :
धोरण, तासाला इतके बाइट.
किती, ते अंकात.
१०७३७४१८२४.
काकांना रुपयांसारखा वाचून दाखवला,
एकशे सात कोटी सदतीस लाख
एक्केचाळीस हजार आठशे चोवीस,
तर ते खुर्चीत सरळ बसले.
काका, म्हटलं, ही फक्त एक कॅसेट आहे.

पाठवण्याआधी अलकाताईंना फोन केला.
त्या स्वतःच आल्या, तिळकनगरहून, रिक्षानं,
पर्समध्ये एकवीस हजारांचा चेक लिहून.
सहाशे रोख.
म्हणाल्या, मला नाटक नको होतं रे.
बाबा डाव्या विंगेत बसायचे. स्टुलावर.
हातात टॉर्च, मांडीवर वही.
बावीस वर्षं.
एकाही फोटोत नाहीत.
आवाज असलाच तर तिथंच,
जिथं कुणी अडखळलंय.
आता कोण कुठं अडखळलं
हे लेबलवर कोण लिहितं?
लेबलवर नाटक, अंक, तारीख.
म्हणून सगळ्या मागवल्या.

सापडले?

अकरा ऐकून झाल्या, तेवढ्यात लिंक मेली.
चोवीसच तास असतात म्हणे.
तीन ठिकाणी आहेत.
एकदा नुसतं "परंतु ताईसाहेब",
एकदा "दिवा", आणि एकदा खोकला,
पण तो त्यांचाच, मी ओळखते.
अख्खं वाक्य ते कधीच द्यायचे नाहीत.
दोन शब्द. फार तर तीन.
घरी जेवतानासुद्धा तसंच.
आई म्हणायची, पुढचं काय?
ते म्हणायचे, पुढचं तुला येतंय.

मी काही बोललो नाही.
चेक काकांकडे सरकवला,
काकांनी तो ताईंकडे परत सरकवला,
सहाशे मात्र ठेवून घेतले, पावती फाडून.

मग बटण दाबलं.
उत्तर आलं २०४.
म्हणजे काम झालं
आणि सांगण्यासारखं काही नाही.

खात्री करायला दोन कॅसेटी एकदम मागितल्या.
नकार. धोरणाचं कारण देऊन, एका ओळीत.
एक मागितली. ठीक, चार तास थांबा.

तेव्हापासून रोज रात्री एकाच्या ठोक्याला
माझी छोटी स्क्रिप्ट उठते,
अलकाताईंच्या नावानं एकच मागते.
पाचला फाइल उतरते.
कचऱ्याची गाडी गाणं वाजवत गल्लीत शिरते तोवर
त्यांचं ऐकून झालेलं असतं बहुतेक,
आणि मला मेसेज येतो.
कधी "वही", कधी "हो, पण मी",
कधी नुसता मिनिटाचा आकडा.

आज आला, त्रेपन्नाव्या दिवशी :
काही नाही.
सगळ्यांना पाठ होतं.