बारावी फेरी

इथे बोटीलाच फेरी म्हणतात.
पहिल्या दिवशी ऐकून बरं वाटलं होतं,
गेलेलं परत येणार, हे शब्दातच आलं.
तिकीट फक्त पोर्टलंडच्या धक्क्यावर फाडतात,
बेटावरून निघताना कुणी काही विचारत नाही.
जाण्याचे पैसे, येणं फुकट.
आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली,
उलटं असायला हवं होतं गं.

मी लातूरची. आमच्याकडे
माणसं पाण्यावरून जात नसत,
पाणीच यायचं, नवव्या दिवशी, टँकरमधून,
आणि अख्खी गल्ली घागरी घेऊन धावायची.
आता दर मंगळवारी सव्वासातला
एवढं पाणी दोन्हीकडे सारत जाते
की थोडी लाज वाटते.

आधी बेटावरची शाळेची मुलं उतरतात,
एकाच्या तोंडात अर्धा टोस्ट.
मग सामान चढतं: गाद्या, दुधाचे क्रेट, एक कमोड,
सुतळीने आवळलेलं ख्रिसमसचं झाड
आणि त्या झाडाकडे संशयाने बघणारं कुत्रं.
बेटाचं नाव पीक्स.
नावात पीक आहे, पिकत काही नाही,
सगळं असं तरंगत यावं लागतं.

मध्ये एक लाल बोया आहे, घंटेचा.
तिथवर मी ऐलतीराची.
तिथून पुढे शहर पैल होतं,
बेटावरचे त्याला नुसतं 'तिकडे' म्हणतात.
मग माझं 'इकडे' कुठलं,
हा विचार मी दर मंगळवारी
बोयापाशी पुढच्या मंगळवारवर ढकलते.

आल्डन थिबोडो, वय अठ्ठ्याहत्तर.
चाळीस वर्षं ह्याच बोटींचे दोर टाकले, दोर काढले,
त्यात उजवा खांदा गेला.
विमा कंपनीने बारा भेटी मंजूर केल्या.
स्वयंपाकघराच्या दाराला रबरी पट्टा,
हात वर, कोपर सरळ, आठ मोजायचे.
सातव्याला ते खिडकीबाहेर बघत,
"भोंगा चार मिनिटं उशिरा आज,"
आणि हात खाली.
आठ कधी झालेच नाहीत.
मी फॉर्मवर सात लिहायची.
एकदा आठ लिहिलं, मग खोडलं.

काल बारावी.
ते धक्क्यापर्यंत आले,
कोटाची बटणं एक घर चुकलेली.
दोरावर कोरीन होती, विशीतली पोरगी.
तिने त्यांच्याकडे पाहिलं,
आणि एकाएकी तिला
बुटाची नाडी बांधायची आठवण झाली.

लाकडी खांबावर दोराचा फास,
त्यांच्या डोक्याएवढ्या उंचीला,
ओला, भिजल्या गोधडीसारखा जड.
त्यांनी हात घातला.
मी डेकवरून मोजू लागले, मराठीत,
घाईत मला दुसरं मोजता येत नाही.
चार. पाच.
फास अडकला. हात खाली आला.
कोरीनची नाडी काही संपेना.
वर काचेआड कप्तानाने
कॉफीचा एक घोट उगाच लांबवला.
कुत्रंसुद्धा भुंकलं नाही.

मग पुन्हा.
सातावर हात वरच थांबला, थरथरत,
मी आठ म्हणायला विसरले,
आणि दोर सुटून धप्पकन पडला
डेकवर, माझ्या पायाशी.

बोट हलली.
त्यांनी मला हात केला नाही.
तो हात ते दुसऱ्या हाताने चोळत होते,
मी शिकवलं होतं तसं, गोल गोल,
माझ्याकडे न बघता.

बोया कधी मागे गेला कळलं नाही.
मी गुडघ्यावर फॉर्म धरून
आठचा आकडा गिरवत होते
आणि थंडीने पेनातली शाई
उतरत नव्हती.