टाकी क्रमांक सात

करारनाम्यावर वनारसेबाईंनी बोट ठेवलं :
दाबयंत्र, पंप, थंड पाण्याची लाइन – पाळीनं.
होजपाइप धुऊनच जागेवर.
परवाना त्यांचा, द्राक्षं माझी,
नासलं तर तेही माझंच.
मी सही केली. खालच्या प्रतीवर
ती जरा घाबरल्यासारखी उमटली.

सहा वर्षं सहकारनगरच्या बाल्कनीत
काचेच्या बुधल्यांवर गोधडी पांघरून
पंचवीस-पंचवीस लिटर उबवत होते.
चिलटं खालच्या मजल्यावर गेली, मग पत्र आलं –
‘आपल्या छंदाचा वास आमच्या देवघरापर्यंत पोचतो.
कळावे, लोभ असावा.’
लोभ होताच. म्हणून तर इथं आले,

उरुळी देवाचीच्या गोदामांमागे,
एका अंगाला टाइल्सचा साठा, दुसऱ्या अंगाला
टेम्पोचे पाटे ठोकणारा लियाकत.
पत्र्याखाली चौदा टाक्या,
गिरणीत डबे लावावेत तशा ओळीनं,
प्रत्येकीवर खडूनं कुणाचं तरी आडनाव.
मला आईचं आठवलं : गहू दळून आणले की
चिमूटभर पीठ जिभेवर ठेवायची, म्हणायची,
आपल्या आधी कुणाची तरी ज्वारी होती.

फेब्रुवारीत नारायणगावहून माल आला,
पहाटे तीनला, ऐंशी क्रेट.
ड्रायव्हरनं एक घड उचलून तोंडात टाकला
आणि बियांसकट थुंकला :
‘ह्ये खायाचं न्हाई वाटतं.’
नाही, म्हटलं. थांबायचं आहे.

पाच दिवस टाकी बोलत होती.
झाकणाला कान लावला की
दूरच्या हॉलमध्ये टाळ्या पडाव्यात तसं.
सहाव्या दिवशी गप्प.
काटा अकरावर. सातव्या दिवशी अकरा.
आठव्याला मी नळी धुऊन, पुसून, पुन्हा बुडवली –
अकरा.
रात्री पत्रा गारठून कडकड वाजत होता,
आणि बाराशे लिटर गोड, मुका रस
माझ्या प्रॉव्हिडंट फंडासह
आत उभा होता.

आठ नंबरचे सोपानराव भुजाडी
वजनकाटे दुरुस्त करून निवृत्त झालेत.
तीन आठवड्यांत आम्ही बोललो होतो ते
फक्त पंपाच्या वेळेवरून, आणि तेही तिरकं.
त्यांची टाकी शेजारीच खदखदत होती.
दार नव्हतं, तरी मी दारात उभी राहावी तशी उभी राहिले,
हातात रिकामी बादली,
लहानपणी वाटी घेऊन उभी राहायचे तशी :
काकू, आईनं थोडं विरजण मागितलंय.

ते काही बोलले नाहीत. बादली हुंगली.
परत धुऊन आणायला लावली. मग भरली.
‘एकदम ओतायचं नाही.
आधी तुमचा थोडा रस यांच्यात,
यांना चव कळू दे.
चार तासांनी परत थोडा.
नवी सून आणि अख्खं एकत्र कुटुंब,
असं नाही करायचं.’
रात्रभर गरम पाण्याच्या घंगाळात बादली.
तीनला फेस आला. मी लियाकतकडून चहा आणला, तीन कप;
तिसरा कुणासाठी ते मला अजून सांगता येत नाही.

काटा : दहा. संध्याकाळी साडेनऊ.

नोंदवहीत मी लिहिलं :
टाकी आठमधून सातमध्ये, वीस लिटर.
‘परतफेड’ या रकान्यात काय भरायचं
बाईंना विचारलं. त्यांनी चष्मा वर केला,
रकाना बघितला, आणि पान उलटलं.

आता रोज सकाळी सालींचा थर दाबते,
माझा. शनिवारी भुजाडी मुलीकडे साताऱ्याला जातात,
तेव्हा त्यांचाही.
दांडा मात्र मधे धुते, दोनदा.

परतीच्या बसमध्ये कंडक्टर तिकीट फाडता फाडता थांबला,
माझ्या बाहीपाशी नाक नेलं, मग मागे घेतलं.
‘मॅडम, द्राक्षं?’
माझी, म्हणायला तोंड उघडलं.
‘हडपसर,’ म्हटलं. ‘एक.’