गोळा आणि वाटी

अक्कलकोट रोडला, एमआयडीसीच्या मागच्या गल्लीत
महिबूब नदाफ उसाच्या ट्रॉल्या जोडतो.
त्याच्या शेडमध्ये आम्ही दोघं,
आणि फरशीवर खडूनं काढलेली दोन घरं.

"हे पाचवं चाक," महिबूब म्हणाला.
मी मोजली. चाकं दोन्हींना सारखीच.
"चाक नाही वहिनी, नुसतं नाव.
लोखंडी ताट समजा, ग्रीस फासलेलं,
पिकअपच्या हौद्यात बसवायचं
आणि घराची मान त्यावर ठेवायची.
डुलत नाही मग, वळणावर गुमान मागं येतं.
हे दुसरं, नुसतं ओढायचं.
खाली गोळा, वर वाटी, दोन साखळ्या.
स्वस्त. सोडलं की हौदा मोकळा.
पण शेजारून एसटी गेली की शेपूट हलवतं."

हे मान डोलवत होते.
ह्यांना किती कळलं ते मला ठाऊक.
बत्तीस वर्षं मागाशेजारी, डावा कान पार गेला,
उजवा गेल्यातच जमा.
हे ओठ वाचतात,
आणि महिबूबच्या मिशा दाट आहेत.

माग दोन होते. दिवाळीआधी विकले, भंगाराच्या भावानं.
मोराच्या नक्षीची पुठ्ठ्यांची माळ तेवढी मी ठेवून घेतली.
फरशीत बोल्टांचे खड्डे राहिलेत, बुजवले नाहीत.
तेव्हापासून झोप नाही.
भद्रावती पेठेत रात्री एवढी शांतता असते
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

फिरत्या घराची कल्पना ह्यांची.
आपल्या चादरी कुठं कुठं गेल्या,
बिदरला, नांदेडला, कुठल्या कुठल्या लॉजच्या खाटांवर.
त्या झोपल्या तिथं आपणही एकदा झोपू, म्हणाले.
म्हणाले म्हणजे ओरडले. हे सगळंच ओरडून बोलतात.
शेजारच्या येमुलांनाही तेव्हाच कळलं.

आता टेप निघाला.
घरात आम्ही तेलुगू, बाजारात मराठी,
भांडण मात्र फूट-इंचात.
पाचव्या चाकाला बिछाना वर, मानेवर.
तीन पायऱ्या, माझे गुडघे,
आणि वर उंची चार फूट दोन इंच:
आई विडी वळायला बसायची तसं वाकून बसायचं,
आणि त्याला म्हणायचं बेडरूम.
"पण कपबशी हलणार नाही!" हे ओरडले.
शेडमधल्या दोन वेल्डरांनी काच वर करून पाहिलं.

शेवटी महिबूबनं एक सांगाडा पिकअपला अडकवला,
दुसऱ्या जातीचा. वर फळी टाकली.
मी फळीवर, हे पुढं महिबूबशेजारी,
कुंभारीपर्यंत जाऊन यायचं ठरलं.
गोळा वाटीत बसला होता तो जरा सैल.
प्रत्येक खड्ड्याला खटक.
खड्डे कमी नाहीत आमच्याकडे.
खटक, खटक, थोडं थांबून, परत खटक,
धोटा इकडून तिकडं जावा तसं.
ऊन डोक्यावर, पदर तोंडावर.

कुंभारी कधी आली ते मला माहीत नाही.
ह्यांनी खांदा हलवून उठवलं.
फळीचा वण गालावर.

इंजिन चालूच होतं.
हे खाली वाकले, जोडावर तळहात ठेवला,
पूर्वी मागाच्या चौकटीवर ठेवायचे तसा,
दोरा कुठं तुटला ते बघायला.
बराच वेळ ठेवला.

"सैल आहे," महिबूब म्हणाला, "रबर घालतो,
आवाज बंद होईल."
"नको," मी म्हणाले.
हेही म्हणाले, नको.
महिबूबकडे ह्यांची पाठ होती.

ॲडव्हान्स दिला. पासिंगचं महिबूब बघणार.
खिडक्या किती, रंग कुठला, ते राहिलंय.
आणि रिव्हर्स.
घर डावीकडं न्यायचं तर स्टेअरिंग उजवीकडं फिरवायचं म्हणे.
ह्या वयात हे उलटं शिकायचं.
शिकतील.
मी मागं उभी राहीन आरशात दिसेन अशी,
आणि हातानं सांगेन,
ये, ये, ये, अजून थोडं,
बास.