कुरकुर

नऊला धक्क्यावर मारिउक्सी नावं वाचते.
एक जर्मन जोडपं आलंच नाही, रात्री पोट बिघडलं म्हणे.
पैसे भरलेले. दोन जागा रिकाम्या.
कप्तान गालो म्हणाला, रिकामी बोट जास्त हलते,
आणि आमच्या जेवणाची पेटी पोचवायला आलेल्या
ऑब्दुलियाला हात धरून वर ओढलं.

एकाहत्तर वर्षं ती हे बेट बघत आलीय
पुएर्तो लोपेसच्या वाळूवरून, धुकं नसेल तेव्हा:
क्षितिजावर कुणी झाकण विसरून गेल्यासारखं.
कधी गेली नाही. माझं काय ठेवलंय तिथं, म्हणायची.
चपला मात्र लगेच काढून अॅप्रनच्या खिशात कोंबल्या.

सव्वा तास. लाटा आडव्या.
मी उलट्यांच्या पिशव्या वाटल्या;
पहिली मागितली दंडावर वाघ गोंदलेल्या पैलवानानं.
ती पेटीवर बसून राहिली, घट्ट,
जणू पेटी हीच बोट
आणि बोट नुसती सोबतीला.

बेटावर पालो सान्तोची झाडं, राखाडी, वाळकी;
काडी मोडली की चर्चमधल्या धुपाचा वास.
पायवाटेच्या मधोमध पिकेरोची मादी,
पाय शाळेतल्या रंगाच्या डबीत बुडवल्यासारखे निळे,
अंड्याभोवती स्वतःच्याच शिटेचं पांढरं रिंगण.
तेवढंच घर.
थांबा, मारिउक्सी म्हणाली, ती सरकेल तेव्हा जाऊ.
थांबलो. उन्हात. बावीस मिनिटं.
"हिला बरं कुणी उठवत नाही," ऑब्दुलिया म्हणाली,
"नुसती रेघ मारली तरी चालतंय."
तिच्या घराला नगरपालिकेची तिसरी नोटीस आलीय,
मला माहीत होतं.
मी पाण्याची बाटली पुढे केली. दुसरं काय करणार.

दुपारी खाडीत नांगर टाकला.
इथंच एलियोदोरो बुडी मारायचा,
दातात पिवळी नळी, वर बोटीत कॉम्प्रेसर,
लाल काट्यांचे शिंपले काढायला, बंदी यायच्या आधी
आणि नंतरही दोन वर्षं.
एकदा फार घाईनं वर आला.
त्यानंतर डावा पाय फक्त दाखवायला.
पडल्या पडल्या तो तिला खालचं सांगायचा:
पोपटमासे, खाटेएवढं कासव, पाच बोटांचे तारे.
ती केळी सोलता सोलता हं म्हणायची.
निम्मं खोटं असणार, हे तिनं लग्नाआधीच ठरवलेलं.
तो गेला त्याला आता सहा वर्षं.

"दे ती काच."
नाक दाबलं गेलं, आवाज बदकाचा झाला.
पोहता येत नाही; मी जॅकेटचा पट्टा धरला.
तिनं तोंड पाण्यात घातलं. काढलं. खोकली.
शिवी दिली, मला की समुद्राला कोण जाणे.
पुन्हा घातलं.
राहिली.
पांढरे केस पसरलेले, अॅप्रन फुगलेला,
खिशातून एक चप्पल निसटून तरंगत निघालेली.
मी मोजत होतो, सवय आहे: शंभर. दोनशे. तीनशे.

वर आली ती रागावून.
कासव दिसलं नसेल, मला वाटलं. म्हणालो, ते बघा, तिकडे...
"पाहिलं. खाटेएवढं आहे. खोटारडा नव्हता मेला.
पण हा आवाज?
खाली सारखी कुरकुर कुरकुर चाललीय,
घरभर कुणी शिळा पाव चावतंय जसं.
हे नाही कधी बोलला."
पोपटमासे प्रवाळ खातात, मी म्हणालो, त्याचा.
"कशाचा ते नाही विचारलं.
सगळं सांगितलं, मग एवढंच का ठेवलं?"

परतीला ती एका चपलेनिशी बसली, बेटाकडे पाठ करून.

डोक्यावर कॉम्प्रेसर धडधडत असताना
त्याला ते ऐकूच आलं नसेल,
हे मला रात्री सुचलं, जॅकेटं वाळत घालताना.
पंधरा हवी होती. चौदा भरली.
पुन्हा मोजली. चौदा.
पंधरावं अंगात घालूनच
ती घरी गेली होती.