ट्रंक बुकिंग

अल-खुवैरच्या दवाखान्यात नर्स शीबा फॉर्म भरते.
बाहेर ऊन पांढरंफटक, आत मी शालीत.
मल्याळी वळणाच्या हिंदीत विचारते, सावकाश, मोठ्यानं,
मला कमी ऐकू येतं असं तिला कुणी सांगितलं कोण जाणे.
कान शाबूत आहेत माझे.
बत्तीस वर्षं कानांवरच पोट भरलंय.

झोप लागते?
लागते. तीनला तुटते.
भूक?
केतकी करते ते जेवते.
दिवसभर कुणाशी बोलता?

इथे मी थांबले.
सकाळी सातला दार लागतं, संध्याकाळी सहाला उघडतं,
मधले अकरा तास एसी बोलतो.
आवाज ओळखीचा आहे.
लाइन उघडी असते आणि पलीकडे कुणी नसतं,
तेव्हा येतो, तो.

खेडच्या एक्स्चेंजमध्ये बसून
मी हे आखात नुसतं ऐकलं होतं.
मुंबईहून लाइन आली की आधी समुद्र यायचा,
मग खरखर, मग एक पुरुष: हॅलो, मस्कत, हॅलो.
इकडे बाकावर फुरूसची हमीदा,
सकाळपासून बसलेली, कडेवर पोर, फडक्यात भाकरी.
तीन मिनिटं.
पहिलं 'ऐकू येतंय का' यातच जायचं,
दुसऱ्यात पैसे, सासूचा दमा, छपराची कौलं,
तिसऱ्यात ती काहीच बोलायची नाही.
तोही नाही.
मी मध्ये, कानाला हेडफोन,
दोन माणसांचं गप्प राहणं ऐकत.
तीन झाली की पिन उपटायची, असा नियम.
मी चौथं होऊ द्यायचे, कधी पाचवं.
तिकिटावर तीनच लिहायचे.
सरकारचे किती बुडवले, आता हिशेब निघायचा नाही.

इराला हे सांगितलं तर म्हणाली,
म्हणजे तू राउटर होतीस, आजी!
हसले. पुष्कळ दिवसांनी हसले.
मग रडू कशाला आलं?

सुधन्वा चांगला आहे. हे लिहा म्हटलं,
फॉर्मात त्याला जागा नव्हती.
दर शुक्रवारी मत्रहला समुद्रावर नेतो.
मी बाकावर, ते तिघं पुढे कठड्यापाशी,
तिथून हात हलवतात, मी हलवते.
गेल्या शुक्रवारी माझा हात वर गेला नाही.
दुखत नव्हता. नुसता गेला नाही.
केतकी म्हणाली, आई, पाणी पिता ना पुरेसं?

रात्री खाली पार्किंगमध्ये कामगार येतात,
तोंडासमोर फोन धरून, भाषा मला न कळणारी.
एक जण रोज भिंतीला टेकून बसतो,
पडद्यावर एक बाई, दोघं गप्प,
तासभर, फुकट.
चौथ्या मजल्यावरून मी बघते
आणि उजवा हात पिन चाचपतो,
अजून एक मिनिट द्यायला.

शेवटी शीबानं विचारलं, जगावंसं वाटतं ना?
तिच्या हिंदीत ते याहून मऊ होतं.
म्हटलं, लाइन बिझी आहे.
ती हसली नाही. पेन खाली ठेवलं.
म्हणाली, मोठे डॉक्टर पुढच्या महिन्यात भेटतील, चालेल?
चालेल, म्हटलं.
पर्स उचलली, दारापर्यंत आले.

आमच्याकडे तीन दर होते:
ऑर्डिनरी, अर्जंट, लायटनिंग.
बायका ऑर्डिनरीच मागायच्या, दिवस दिवस बसायच्या.
एकदाच हमीदा म्हणाली होती, बाई, आज अर्जंट लावा,
आणि पदराची गाठ दातांनी सोडली होती.
का, ते मी विचारलं नव्हतं.

दारातून परत वळले.
शीबा, म्हटलं,
पुढचा महिना नको.